माझा राग, कॉफीच्या खाती

माणसाला राग येण्यासाठी जगात पुरेशी कारणे उपलब्ध असताना त्यांत एखाद्या पेयाने भर घालावी, याची मला कधी गरज वाटली नव्हती. मी इंदुरात करसल्लागार आहे. या व्यवसायात वर्षाचे नऊ महिने जी सहनशीलता साठवावी लागते, ती जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत व्याजासकट खर्ची पडते. १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, २० तारखेला वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र आणि ३१ ला आर्थिक वर्षाची इतिश्री, अशा तीन तारखांमध्ये अडकलेल्या गृहस्थाने दुधाळ चहावर दिवस काढावेत, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. त्यातच बंगळुरूला नोकरी करणारे आमचे चिरंजीव दिवाळीला येताना स्टीलचा फिल्टर आणि ताज्या दळलेल्या कॉफीची पाकिटे घेऊन आले. रामबागेतल्या आमच्या घरात पोहे-जिलबी आणि चहा यांच्याखेरीज सकाळ उगवत नसे. तेथे डिकॉक्शन नावाचा काळा द्रव आदल्या रात्रीपासूनच थेंब थेंब गळू लागला.

माझी कॉफी वाढत गेली ती इतक्या बेताने, की त्या वाढीची नोंद कोणत्याही एका दिवसाच्या नावे टाकता येणार नाही. सकाळी सातची होतीच. अकराची पक्षकारांच्या निमित्ताने सुरू झाली, कारण समोरच्याला कॉफी देऊन आपण नुसते बसणे हे आतिथ्याला धरून नाही. दुपारी चारची सुरू झाली ती डोळे मिटू लागले म्हणून, आणि रात्री नऊची सुरू झाली ती डोळे मिटू नयेत म्हणून. या दोन कारणांत काही नाते असावे, अशी शंका मला त्या वेळी शिवली नाही.

याच सुमारास माझ्याभोवतीचे जग झपाट्याने बिघडत चालल्याचे माझ्या लक्षात आले. कुकरच्या शिट्ट्या पूर्वीपेक्षा कर्कश झाल्या. पक्षकार पावत्या पिशवीत कोंबून आणू लागले. पहाटे येणाऱ्या कचरागाडीचे गाणे, जे २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहराचा प्रत्येक नागरिक अभिमानाने सहन करतो, ते मला वैयक्तिक अपमानासारखे वाटू लागले. एकदा तर कॉफीचा चोथा ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या, या प्रश्नावर मी गाडीबरोबरच्या मुलाशी इतका वेळ वाद घातला, की मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी आपापल्या बादल्या माझ्या पायाशी ठेवल्या आणि त्या निघून गेल्या. चोथा ओल्यातच जातो. ते मलाही ठाऊक होते. या साऱ्यावर कळस म्हणजे शेजारच्या तरुण गृहस्थांची स्कूटर. ती रोज आमच्या फाटकासमोर अशी आडवी लावलेली असे, की आत यायचे तर पोट आत ओढून घ्यावे लागे.

चिडचिडीची खुबी अशी, की ज्याची चिडचिड होत असते त्याला ती दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त इतरांची चूक, आणि तीही पुराव्यानिशी. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा शांतपणे विचारले, "अहो, हल्ली तुम्ही फार चिडता का?" त्यावर मी, आपण मुळीच चिडत नाही हे इतक्या मोठ्याने सांगितले, की माजघरात जप करणाऱ्या आईची माळ थांबली.

रात्रीची कथा निराळी. अकराला अंथरुणावर पडायचे आणि एकपर्यंत छताचे लेखापरीक्षण करायचे, असा क्रम सुरू झाला. अन्य शहरांत झोप न येणारा माणूस कूस बदलतो, फार तर पाणी पिऊन येतो. इंदुरात मात्र पाऊण तास चालून आल्यास झोप लागेल, असे घरात सांगून बाहेर पडलेल्या माणसाची पावले राजवाड्यामागच्या सराफ्याकडे वळतात. दिवसा जेथे सोन्याचांदीचे व्यवहार होतात, तेथे दुकानांची दारे बंद होताच भुट्ट्याचा कीस, मालपुवा, रबडी आणि परातीएवढा जिलेबा यांचा बाजार भरतो आणि तो मध्यरात्रीनंतरही ओसरत नाही. जागरणाला इतकी राजमान्यता देणाऱ्या शहरात निद्रानाशाचे निदान उशिरा झाले, तर दोष रोग्याचा मानू नये. तिथला एक दुकानदार मला पाहताच "आओ भिया" म्हणून द्रोण भरू लागला, तेव्हा मला ओळख वाढल्याचा आनंदच झाला. पोटात रबडी आणि डोक्यात कॉफी घेऊन परतलेल्या माणसाला झोप का लागत नाही, याचा विचार मी परतीच्या वाटेवर फार गंभीरपणे करीत असे.

अखेर आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजता मोजता "कॉफी किती?" एवढेच विचारले आणि मी उत्तर देण्याआधी सौभाग्यवतींनी दिले. डॉक्टरांनी जे समजावले ते असे. माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले की झोप येऊ लागते. कॉफीतल्या कॅफिन या उत्तेजक द्रव्याची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की ते त्याच जागा आधी बळकावते. त्यामुळे थकवा जात नाही. थकव्याची बातमी तेवढी पोहोचत नाही. ॲडेनोसिन बाहेर साचतच राहते आणि कॅफिन उठून गेले की सगळे एकदम आत शिरते. माझी चार वाजताची पेंग ती हीच. शिवाय कॅफिनने शरीर सावध होते, नाडी आणि रक्तदाब थोडे चढतात; अशा सावध शरीराला अपुऱ्या झोपेची जोड मिळाली, की कुकरची शिट्टी हे निमित्त पुरते.

इथपर्यंत मी संशयाने ऐकत होतो. परंतु पोटात गेलेले कॅफिन निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, असे डॉक्टर म्हणाले आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. हा तर सरळ घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा! यंत्राची किंमत दर वर्षी शिल्लक रकमेवर कमी होत जाते आणि शून्य कधीच होत नाही, तसेच हे. घरी येऊन मी कागद घेतला. सोयीसाठी प्रत्येक पेल्यात १०० मिलिग्रॅम कॅफिन धरले. रात्री अकरा वाजता सकाळी सातच्या पेल्यातले ११ उरते, अकराच्यातले १९, चारच्यातले ३८ आणि नऊच्यातले ७६. बेरीज १४४. याचा अर्थ, रोज रात्री मी ज्या क्षणी दिवा मालवून देवाचे नाव घेत होतो, त्या क्षणी माझ्या अंगात जवळजवळ दीड पेला ताजी कॉफी फिरत होती. युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते असे म्हटले आहे, त्यामुळे दैनिक मर्यादेच्या दृष्टीने माझे खाते नियमित होते. घोटाळा होता तो वेळांचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तेवढेच ४०० मिलिग्रॅम निजण्याच्या तब्बल सहा तास आधी देऊनही झोप तासाहून अधिक घटल्याचे आढळले होते. निम्मे होण्याचे हे पाच तासांचे प्रमाणही सर्वांना सारखे नाही. कॅफिन यकृतात मोडते आणि कोणाचे यकृत हे काम भराभर उरकते, तर कोणाचे सरकारी कार्यालयासारखे. रात्री दहाला कॉफी पिऊन साडेदहाला घोरणारे माझे मेहुणे पहिल्या वर्गातले असावेत. एरवी त्यांचे कोणतेच काम वेगाने झाल्याचे मला आठवत नाही.

हा हिशेब मी घरात वाचून दाखवला, तेव्हा आईने तो पूर्णपणे फेटाळला. "अरे, कॉफीनं कुठं झोप जाते? तुम्ही जायफळ घालत नाही, त्यानं जाते," असे तिचे म्हणणे पडले. तिच्या वेळी कॉफी व्हायची ती एकादशीला किंवा सर्दीपडशात. तिच्यात जायफळ उगाळून घातलेले असे आणि ती पिऊन माणसे दुपारी गाढ झोपत. जायफळाने झोप येते ही आमच्या घरची जुनी श्रद्धा आहे. तान्ह्या मुलाच्या गुटीत त्याचे दोन वळसे पडतातच. मी मात्र त्या जुन्या कॉफीचे घटक तपासून पाहिले. घरभराच्या भांड्यात चमचाभर पूड, बाकी सगळे दूध आणि साखर, आणि पिणाऱ्याच्या वाट्याला अर्धी वाटी. तीत कॅफिन होतेच किती? कॉफीच्या गैरहजेरीचे श्रेय जायफळाने इतकी वर्षे बिनबोभाट घेतले, असा माझा निष्कर्ष आहे. तो मी आईला सांगितलेला नाही.

मी एका झटक्यात कॉफी बंद करण्याचे ठरवले आणि त्यासाठी रंगपंचमीचा मुहूर्त निवडला, कारण त्या दिवशी कार्यालय बंद असते. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली होती. पाण्याच्या टँकरांतून रंगाचे फवारे चौथ्या मजल्यापर्यंत जात होते, सगळे शहर नाचत होते, आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर दोन्ही हातांनी डोके धरून बसलो होतो. ढोल आणि ध्वनिक्षेपक यांच्याबद्दल त्या पायरीवर मी जे विचार केले, ते इंदुरात जन्मलेल्या माणसाला शोभणारे नव्हते. कॉफी एकदम सोडली की बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते, मरगळ येते, चिडचिड वाढते आणि हा प्रकार दोनपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतो, हे नंतर कळले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात याला अधिकृत विकाराचा दर्जाही दिला आहे. संध्याकाळी मी डोकेदुखीची एक गोळी घेतली आणि अर्ध्या तासात इतका प्रसन्न झालो, की मी स्वतः उठून कपड्यांचा रंग धुवायला बसलो. सौभाग्यवतींनी चष्मा लावून गोळीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. वेदनाशामकांच्या जोडीला त्यात ५० मिलिग्रॅम कॅफिन होते.

मग तहाची बोलणी झाली. चिरंजिवांनी दूरध्वनीवरून सल्ला दिला, "बाबा, तुम्ही एकदम सोडू नका, डिकॅफ घ्या." डिकॅफ म्हणजे कॅफिन काढून घेतलेली कॉफी; तिच्यातही थोडे कॅफिन उरतेच, शिवाय ती आमच्या पेठेत मिळत नाही, असे दोन आक्षेप मी नोंदवले. शेवटी चिकोरीवर एकमत झाले. चिकोरी हे एक मूळ असते. ते भाजून दळले की कॉफीला दाटपणा आणि काळेपणा देते, आणि त्यात कॅफिन मुळीच नसते. आपल्याकडे तिचे प्रमाण पाकिटावर छापावेच लागते आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, हे वाचून मला या पेयाबद्दल प्रथमच व्यावसायिक आदर वाटला. आम्ही शुद्ध कॉफीवरून ८०:२० वर, तेथून ६०:४० वर आलो. रात्री नऊचा पेला आधी गेला, मग चारचा. चारच्या जागी चहा घ्यावा असे मी सुचवून पाहिले, पण कपभर चहातही कॉफीच्या निम्म्याच्या आसपास कॅफिन असते, हे तोवर सौभाग्यवतींना पाठ झाले होते. आता दुपारी बारानंतर फिल्टर धुऊन पालथा घातला जातो. अकराला पडलो की साडेअकराच्या आत झोप लागते. सराफ्यातल्या त्या दुकानदाराने माझी प्रकृती ठीक आहे ना, अशी चौकशी केल्याचे कानावर आले आहे.

येथवर सारे उत्तम झाले. पण या उपचाराचा एक परिणाम कोणत्याही डॉक्टरने मला आधी सांगितला नव्हता. माझ्या घरात आता माझा राग माझा राहिलेला नाही. दूधवाल्याने बिलात दोन दिवस जास्त लावले, हे मी कागदावर मांडून दाखवले, तर सौभाग्यवती कागदाकडे न पाहता विचारतात, "आज किती झाल्या?" एकच झाली असे म्हणावे, तर "मग उतरतीचा त्रास असेल, डॉक्टर म्हणाले नव्हते का?" असे उत्तर येते. जास्त कॉफीने चिडचिड होते आणि कमी कॉफीनेही होते, या दोन वैद्यकीय सत्यांच्या मधल्या पट्टीत न्याय्य संतापाला जागा उरत नाही. विरोधी पक्षाला इतका सोयीचा पुरावा मी माझ्या साऱ्या व्यवसायात पाहिलेला नाही. पक्षकारसुद्धा हल्ली पावत्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवताना आधी टेबलावरच्या पेल्याकडे पाहतात.

जुन्या तक्रारींचे मी अलीकडे, पुरेशी झोप झालेल्या डोक्याने, फेरपरीक्षण केले. कुकर निर्दोष ठरला. कचरागाडीचे गाणे तितकेसे वाईट नाही. एकदा तर मी दाढी करताना ते गुणगुणतही होतो. स्कूटरचा आक्षेप मात्र शंभर टक्के टिकला. ती फाटकासमोर आडवीच असते आणि आत यायला पोट आत ओढावेच लागते.

म्हणून गेल्या रविवारी, सकाळच्या एकाच पेल्यावर, पूर्ण शांत चित्ताने आणि चेहऱ्यावर हसू ठेवून मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि स्कूटर जरा बाजूला लावता येईल का, असे विचारले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "काका, आता बरं वाटतंय ना? काकू सांगत होत्या, कॉफी कमी करताय म्हणून. आमच्या बाबांनी तंबाखू सोडली, तेव्हा त्यांचंही असंच व्हायचं. बारीकसारीक गोष्टी डोळ्यांत सलायच्या. होईल हळूहळू कमी." मी त्यांचे आभार मानले, आणि पोट आत ओढून घरात आलो.