खोकं ओरिजिनल, आत माल ‘चालू’

चार महिन्यांत तिसरा वाइडबँड सेन्सर, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमध्ये बसून धुरातल्या ऑक्सिजनवरून इंजिनात हवा-पेट्रोल किती प्रमाणात जातंय ते सांगणारा सेन्सर, फेकावा लागला. सरळ जळून गेला असता तर मी एवढा पेटलो नसतो. जळालेला सेन्सर निदान त्याचा आकडा वाचणाऱ्या कंट्रोलरवर एरर देतो, आपण काम थांबवतो, विषय संपतो. हा जळाला नव्हता. हा पंधरा दिवस मला खोटे आकडे दाखवत होता आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून मी लोकांच्या गाड्यांचे मॅप, म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल सोडायचं याचे तक्ते, बसवत होतो.

परवा रात्री इथल्या, नाशिकच्या सिडकोतल्या एका पोराची बाईक त्र्यंबक रोडला नेली. अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो तो, हप्ते फेडून घेतलेली गाडी आहे. फुल थ्रॉटलला मीटरवर १२.९, म्हणजे एक भाग पेट्रोलला १२.९ भाग हवा; आकडा जेवढा कमी तेवढं पेट्रोल जास्त, म्हणजे मिक्श्चर रिच. पेट्रोलच्या इंजिनाला पूर्ण लोडवर एवढं रिच मिक्श्चर मिळत असेल तर काळजीचं कारण नसतं. पण इंजिनाचा आवाज मला पटेना. कोरडा, टणटणीत. तिथेच क्लच दाबला, किल स्विच मारला, गाडी कडेला घेतली आणि मोबाईलच्या उजेडात गरम स्पार्क प्लग काढला. पांढरा फटक! खडूसारखा. १२.९ वर चाललेल्या इंजिनाचा प्लग असा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मित्राकडचा अस्सल सेन्सर मागून आणला, तोच मॅप, तोच गिअर, तोच रस्ता. आकडा आला चौदाच्या वर. म्हणजे मी पेट्रोल कमी करत गेलो आणि इंजिन आतून भाजत गेलं. आणखी आठवडाभर हे कळलं नसतं तर पिस्टनला भोक पडलं असतं आणि त्या पोराचा दोन महिन्यांचा पगार माझ्यामुळे गेला असता. या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

मग तिन्ही मेलेले सेन्सर घेऊन बसलो. मल्टीमीटर लावला. माझा सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९ या मॉडेलचा; त्याच्या आतल्या हीटरचा रेझिस्टन्स थंड असताना साधारण ३.२ ओहम असतो. एकात साडेपाच, दुसऱ्यात सहाच्या वर. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. यांचा आकडा एका जागी थांबायलाच तयार नाही, कधी अठरा, कधी चोवीस. शेवटी सेन्सरच्या वायरींच्या टोकाला असतात ते प्लग, म्हणजे कनेक्टर, फोडले. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे, सेन्सरमधून पाच वायरी निघतात पण प्लगला पिना सहा असतात. सहावी पिन असते कॅलिब्रेशन रेझिस्टरसाठी. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्यापुरता तो रेझिस्टर लेझरने कापून जुळवलेला असतो, म्हणून अस्सल मालात तीस ते तीनशे ओहमच्या मधला कुठलाही आकडा येऊ शकतो, दर सेन्सरला वेगळा. माझ्या तिन्ही प्लगमध्ये काय निघालं? शंभर, शंभर, शंभर. रेडिओच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो तसला रेझिस्टर, तिन्हींत एकच. कोणी काही तपासलेलं नाही, काही जुळवलेलं नाही. हुबेहूब खोकं छापलं, स्टिकर मारला आणि पाठवून दिलं.

आणि हे काही मी डोळे मिटून घेतलेलं नव्हतं. पहिला स्वस्तातला होता, ती चूक माझी, मान्य. दुसरा आणि तिसरा मी ‘ओरिजिनलच द्या’ असं बजावून, पूर्ण पैसे मोजून घेतला होता. नऊ हजार! एक गाडी ट्यून केल्यावर माझ्या हातात साडेतीन हजार पडतात. त्यातून वेल्डिंगवाल्याचे, पेट्रोलचे पैसे गेले की काय उरतं ते ज्याचं त्याने बघावं.

बाजारात विचारायला गेलं की काय ऐकून घ्यावं लागतं! द्वारका झालं, शालिमार झालं, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडे पहिला प्रश्न, “कुठल्या गाडीचा?” अहो, गाडीचा नाही, ट्यूनिंगच्या कंट्रोलरचा हवाय, पाच वायरचा वाइडबँड, शेवट १७०२५ असा नंबर आहे. मी नंबर कागदावर लिहून देतो, तरी माणूस आतून चार वायरचा साधा सेन्सर आणून काउंटरवर ठेवतो. “हाच चालतो, सगळे हाच नेतात.” नाही चालत! साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये एवढंच सांगतो की मिक्श्चर १४.७ च्या अलीकडे आहे का पलीकडे. किती अलीकडे, ते त्याला धड सांगताच येत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं. हे समजावलं की दुसरा प्रश्न, “ओरिजिनल पाहिजे का चालू?” ओरिजिनल, म्हणतो मी. मग तो आतल्या त्याच फळीवरून दुसरं खोकं काढतो आणि किंमत तिप्पट सांगतो. परत करायला गेलं की ठरलेलं वाक्य, “इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते भाऊ, फिटिंग झालं की परत नाही.” मग बिल तरी द्या! बिलावर नंबर लिहा! तेही नाही.

नाना पेठेत पुण्याला जाऊन आलो. एक दिवस धंदा बंद, गाडीभाडं वेगळं, उत्तर तेच. दिल्लीच्या करोलबागेतून कुरिअरने मागवला तर आला एलएसयू ४.२, वेगळंच मॉडेल. प्लग वेगळा, रेफरन्स हवा घ्यायची पद्धत वेगळी, ४.९ च्या कंट्रोलरवर त्याचा काही उपयोग नाही. फोन केला तर म्हणे वायर कापून जोडून घ्या. अरे, प्लग कापला की कॅलिब्रेशनचा रेझिस्टरही गेला! जो माणूस हे विकतो त्याला हे माहीत नाही आणि मी त्याला शिकवायचं, वर पैसेही त्यालाच द्यायचे.

गाडीच्या मूळ सेन्सरची तऱ्हा तीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे प्रदूषणाचे नियम आले आणि जवळजवळ प्रत्येक पेट्रोल दुचाकीच्या सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर बसला. म्हणजे आता ही ब्रेक शूसारखी रोज लागणारी वस्तू झाली. इंजिन ऑइल जाळत असेल, कोणी गास्केटला चुकीचं सिलिकॉन फासलं असेल, तर सेन्सर मरणारच. सर्व्हिस सेंटरला पार्ट नंबर विचारला तर देत नाहीत. “गाडी घेऊन या, स्कॅन करू.” एका ठिकाणी तर बेंड पाईपसकट घ्यावा लागेल म्हणाले. हाताच्या बोटाएवढ्या सेन्सरसाठी अख्खा पाईप!

मला राग येतो तो याचा की हा माल काही दुर्मिळ नाही. रेसिंगसाठी हाताने बनवलेला नाही, रस्त्यावरच्या कारमध्ये लागणारा भाग आहे. आणि मी कुठे राहतो? नाशिकला. सातपूरला गाड्या बनतात, इंजेक्टरचे नोझल बनतात, मायक्रॉनमधलं काम करणारी माणसं माझ्या गल्लीत राहतात. अंबडच्या गाळ्यागाळ्यांत ऑटोचे पार्ट घडतात. त्या शहरात मला एक खरा सेन्सर, खऱ्या नंबराचा, खऱ्या बिलावर मिळू नये?

“मग फुकटात पाहिजे का?” असं मला एकाने तोंडावर विचारलं. फुकट कोण मागतंय? कॉपी असेल तर कॉपी म्हणून विका. ‘हा चायनाचा, दोन हजाराला, एवढा एवढा चुकतो’ असं सांगा, मी दर आठवड्याला मोकळ्या हवेत तपासेन, स्पार्क प्लग बघून काम करेन, आणि घ्यायचा का नाही ते मी ठरवेन. नऊ हजार घेऊन दोन हजारांचा माल हातात ठेवता आणि जबाबदारी माझ्यावर ढकलता, ही चोरी आहे.

आता त्या पोराच्या पाईपला सेन्सरसाठी वेल्ड केलेल्या नटात अठराचा बोल्ट फिरवून भोक बंद केलंय. जुना मॅप परत टाकून दिलाय, पैसे परत केलेत. मित्राचा सेन्सर शनिवारी परत द्यायचाय. आणखी सहा गाड्या आहेत ज्या त्या पंधरा दिवसांत माझ्या हाताखालून गेल्या. सहाही जणांना फोन लावलेत, चौघं आले, त्यांचे स्पार्क प्लग काढून बघितले, मॅपमध्ये पेट्रोल वाढवलं. दोघं अजून फोन उचलत नाहीयेत.