चीक, चॉकलेट आणि तुतारी

परवा एका ग्रंथालयात 1967 सालचे पेपर बघायला गेलो होतो. गेलो होतो एवढंच खरं, बघितलं काही नाही. फॉर्मवर 'विषय' असा रकाना होता, त्यात मी इमानेइतबारे 'चिक चॉकलेट' लिहिलं. तिथेच माती खाल्ली.

काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "चीक? खरवसाचा की कुरडयांचा?"

"माणूस आहे हो. ट्रंपेट वाजवायचा. गोव्यातल्या हळदोण्याचा, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये वाजवायचा, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला, 67 मध्ये गेला..."

"ट्रंपेट म्हणजे तुतारी ना?" काकांचा आवाज एकदम खाली. 2024 च्या निवडणुकीत ट्रंपेट आणि तुतारीचा घोळ झाल्यापासून हे असंच. "राजकीय कात्रणं आम्ही देत नाही."

मग 'हल्ली खरा चीक मिळतो कुठे, पावडरीचा खरवस म्हणजे नुसती फसवणूक' यावर दहा मिनिटं. माझ्या मागे रांग. मी शेवटचं अस्त्र काढलं, "काका, अलबेला पाहिलाय? भगवानदादांचा, 1951 चा? त्यात हा चिक बँड घेऊन चक्क पडद्यावर दिसतो."

काका उजळलेच. "अरे, संगीत सी. रामचंद्रांचं! अण्णा आमच्या पुणतांब्याचे!" आणि टेबलावर ठेका धरून 'शोला जो भडके' सुरू, मधले म्युझिकचे तुकडेसुद्धा तोंडाने, पँ पॅपॅ पँ. रांगेतल्या एक बाई टाळ्या वाजवायला लागल्या.

"हे तुकडे कोणी वाजवले असतील, काका?"

"अण्णांनी!"

झालं. बोंगो अण्णांनी, क्लॅरिनेट अण्णांनी, सॅक्सोफोन पण अण्णांनीच. अहो, हा चिक अण्णांचा असिस्टंट होता! अण्णा मोठेच, वाद नाही, पण स्टुडिओत नोटेशन वाचून वाजवणारी ती गोव्याची माणसं, मुंबईत धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये, खाटेला खाट लावून राहिलेली, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली? गाणं लग्नाच्या वरातीत अजून वाजतं आणि वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं की लोकांना खरवस आठवतो. चीड येते राव.

एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर काकांनी मोठ्या प्रेमाने एक गठ्ठा समोर ठेवला, वर माझाच फॉर्म टाचलेला. विषय खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पाककृती'. खाली 1967 चे दिवाळी अंक.

खरवसाची कृती बरी होती. फोटो काढून आणलाय.