घाडगे भाडोत्री, तर मिनार्स्की कोण?

जुलै आला की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातून लढताना इटलीत मेलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो आणि त्याखाली तोच वाद पेटतो. 'इंग्रजांच्या पगारावर इटलीत जाऊन मेला, त्यात आपलं काय?' यंदा एकाने सरळ 'भाडोत्री' म्हटलं आणि त्यावर भराभर अंगठे पडले. मी राहतो कॅनडातल्या मिसिसागात. शेजारच्या मॉल्टनच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात ४३० लँकेस्टर बॉम्बर बांधले गेले. त्यातल्या केबी ७२६ या विमानावरच्या एका गनरची हकिगत सांगितल्याशिवाय त्या शब्दाला उत्तर देता येणार नाही.

अँड्र्यू मिनार्स्की. जन्म १९१६, विनिपेगच्या पोलिश स्थलांतरित घरातला. वडील गेल्यावर घर चालवायला तो चामडं कापायच्या कामाला लागला आणि १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात गेला. लँकेस्टरमध्ये सात माणसं असत. मिनार्स्की पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या काचेच्या घुमटात, दोन ब्राउनिंग मशीनगन घेऊन बसे. शेपटीच्या टरेटमध्ये चार मशीनगन आणि त्याचा दोस्त पॅट ब्रॉफी.

शेपटीची जागा इतकी अडचणीची की पॅराशूट आत मावत नसे, ते मागे विमानाच्या धडात अडकवलेलं असे. उडी मारायची तर आधी टरेट सरळ रेषेत आणायचा, पाठीमागची दारं उघडायची, पॅराशूट ओढून छातीवरच्या हुकांना लावायचं, मग टरेट पुरता आडवा फिरवायचा आणि पाठीवर बाहेर कोसळायचं. सगळी मदार टरेट फिरण्यावर. तो फिरायचा हायड्रॉलिक दाबावर, आणि शेपटीच्या टरेटचा पंप चाले डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावर. ते इंजिन गेलं की हाताने फिरवायचा दांडा तेवढा उरे.

१२ जून १९४४ च्या रात्री ४१९ स्क्वाड्रनचं हे विमान इंग्लंडातल्या मिडलटन सेंट जॉर्जहून फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड फोडायला निघालं. निघण्याआधी मिनार्स्कीला गवतात चार पानांचं क्लोव्हर सापडलं. शुभ मानतात ते. त्याने ते ब्रॉफीला देऊन टाकलं.

मध्यरात्र उलटल्यावर जुंकर्स ८८ या जर्मन विमानाने मागून, खालच्या अंगाने मारा केला. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली आणि दोन टरेटच्या मधोमध आग भडकली. वैमानिक आर्ट द ब्रेनने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. ब्रॉफीने पॅराशूट लावलं, पण टरेट हलेना. हाताचा दांडा फिरवायला गेला तर तोच तुटला. मिनार्स्की मागच्या दारापाशी पोचला होता, एक पाऊल टाकलं असतं तर सुटला असता. ब्रॉफी अडकलेला दिसताच तो आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने घाव घातले, मग नुसत्या हातांनी दारं ओढली. कमरेखालचे कपडे पेटले होते. ब्रॉफीने 'जा' म्हणून खुणावलं. वळायला जागा नव्हती, म्हणून तो आगीतून पाठमोरा सरकत दारापर्यंत आला, ताठ उभा राहिला, ब्रॉफीला सॅल्यूट केला आणि उडी मारली. पॅराशूटही जळत होतं. तो जमिनीवर जिवंत पोचला, पण भाजल्यामुळे लवकरच गेला. वय २७.

विमान आदळलं तेव्हा शेपटीचा टरेट तुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला. बाकीचे पाचही वाचले. मिनार्स्कीने काय केलं हे पाहणारा ब्रॉफी एकटाच होता. त्याच्या सांगण्यावरून ऑक्टोबर १९४६ मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश राजाचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला.

आता ज्या बॉम्बर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचा, तो गनर होता, तिचं काय? तिने हॅम्बुर्ग जाळलं. ब्रिटिश-अमेरिकन हल्ल्यांत ड्रेस्डेनला सुमारे २५ हजार माणसं मेली. तिच्या स्वतःच्या सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ परतले नाहीत, आणि तरीही लंडनला त्यांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं. ओटावाच्या युद्ध संग्रहालयाने या बॉम्बफेकीच्या नैतिकतेवर वाद आहे असं फलकावर लिहिलं, तर माजी सैनिक खवळले आणि २००७ मध्ये मजकूर बदलावा लागला. मला तो आधीचा मजकूर योग्य वाटतो. पण एवढ्या भांडणातही इथे मिनार्स्कीला भाडोत्री म्हटलेलं माझ्या कानावर आलेलं नाही. विनिपेग महापालिकेच्या एका वॉर्डाचं नावच मिनार्स्की आहे.

मिनार्स्की गेल्यावर महिन्याच्या आत, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगेंच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. ते सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने पुढचा माणूस टिपला, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. थडगं सापडत नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. रायगडातल्या माणगावात पुतळा आहे. माणगावकरांना हे सांगावं लागत नाही.

'कॅनडा स्वतःहून युद्धात उतरला, आपल्याला ढकललं' हा मुद्दा खरा आहे. कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून आठवड्याने युद्ध पुकारलं, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी भारतात कुणाला विचारलंही नाही. पुढे १९४३ मध्ये बंगाल उपाशी मेला. हे सगळं लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा. पण तो हिशेब लिनलिथगोंकडे मागायचा की एकट्याने मशीनगनवर धावलेल्या बावीस वर्षांच्या पोराकडे? लँकेस्टरवर नॅव्हिगेटर म्हणून डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणारे शैलेंद्र एकनाथ सुखटणकरही मग भाडोत्रीच ठरतात.

तो शब्द मला इतका का झोंबला, हेही सांगतो. मीही इथे पगारासाठीच आलो, आणि राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची शपथ घेऊन नागरिक झालो. दुसऱ्याच्या राजाची चाकरी करणारा आपला राहतो का, हा प्रश्न घाडगेंपाशी थांबत नाही, तो माझ्या दारातही येतो. अकरा नोव्हेंबरला, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनी, कोटाला पॉपीचं लाल फूल लावून मिनार्स्कीसाठी उभं राहणं मला सोपं जातं. घाडगेंचं नाव मी त्या दिवशी मुद्दाम घेतो. इथल्यांना ते ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिकडे बसून त्याची लाज बाळगतात, याचा मला राग येतो.