‘चारही कॅमेरे काळेच’ या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेला एक ताऱ्याचा अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्यानंतर दुकानातील कामाची वही काढून पाहिली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: आपण बाहेरगावी असता आणि घरचे कॅमेरे मोबाइलवर पाहता, जुलैच्या पहिल्या आठवड्यात चारही कॅमेऱ्यांचे चित्र गेले, आमच्या मुलाने येऊन 1,100 रुपये घेतले आणि त्याच संध्याकाळी चित्र पुन्हा गेले, पुढचे दोन दिवस आमचा फोन कोणी उचलला नाही, तिसऱ्या दिवशी ‘कॅमेरेच गेलेत, नवा सेट घ्या’ असे आपल्या आईंना सांगण्यात आले, आणि नारळ चोरीला गेले त्या रात्रीचे रेकॉर्डिंग आमच्या माणसाने पुसले. यातील शेवटची गोष्ट सोडली, तर बाकी सारे खरे आहे.

प्रथम एक विनंती. घरी कोण असते आणि कोणता कॅमेरा कोठे आहे, हे आपण रागाच्या भरात अभिप्रायात लिहून गेला आहात. तेवढ्या ओळी कृपया काढाव्यात. आमच्याविरुद्धची बाकीची तक्रार आहे तशी राहू द्यावी. मीही या उत्तरात गावाचे नाव आणि कॅमेऱ्यांच्या जागा लिहिणार नाही.

आता चूक काय झाली ते सांगतो. आमचा मुलगा दुपारी तीनला आला. चारही कॅमेऱ्यांच्या बीएनसी कनेक्टरवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावर) हिरवट थर चढला होता आणि दोन ठिकाणी केबलच्या आतली तांब्याची तार बोट लावताच तुटली; खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हे नेहमीचे आहे. त्याने चारही कनेक्टर बदलले, टीव्हीवर चित्र आले आणि तो साडेचारला निघाला. परंतु चारही कॅमेरे एकदम गेले आहेत, याचा अर्थ त्याने लावायला हवा होता. एकच चौकोन काळा असेल तर त्या कॅमेऱ्याची केबल, कनेक्टर किंवा कॅमेरा पाहायचा. चारही एकाच वेळी काळे होत असतील आणि डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) मेनू मात्र टीव्हीवर नीट दिसत असेल, तर बहुतेक वेळा दोष चौघांच्या सामाईक वीजपुरवठ्यात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये असतो. डीव्हीआरला स्वतःचा वेगळा अडॅप्टर असल्यामुळे तो चालू राहतो आणि कॅमेऱ्यांच्या जागी ‘व्हिडिओ लॉस’ दाखवतो. (टीव्हीवरच ‘नो सिग्नल’ आले तर ती गोष्ट निराळी, तेव्हा एचडीएमआय केबल आणि टीव्हीचा इनपुट पाहावा, कॅमेऱ्यांना हात लावू नये.)

दुसऱ्या खेपेला मी स्वतः आलो तो मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला. उजेड होता तोवर चारही चित्रे स्वच्छ होती आणि पॉवर सप्लायवर मीटर 11.8 व्होल्ट दाखवत होता. सातच्या पुढे अंधारून आले तसा जवळच्या कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज आला, काचेभोवती लालसर ठिपके पेटले आणि दुसऱ्याच क्षणी विझले. मग पुन्हा टक्, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख. मीटर तेव्हा 9 व्होल्टच्या खाली घसरला होता. रात्री कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येक कॅमेरा दिवसाच्या जवळपास दुप्पट वीज ओढतो. 12 व्होल्ट 5 अँपिअरच्या चांगल्या सप्लायला चार कॅमेऱ्यांचा हा भार जड नाही. पण आपल्या सप्लायचे झाकण उघडले तेव्हा आतील दोन कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) माथ्यावर फुगलेले होते. दिवसा तो कसाबसा चालत होता, दिवे लागले की बसत होता. म्हणजे दुपारी काम उरकून निघालेल्या माणसाला हा दोष दिसणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच रात्रीचा भार तपासल्याशिवाय त्याने निघायला नको होते. अंधाराची वाटही पाहावी लागत नाही. कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदकावर काळी पट्टी लावली की दिवे भरदिवसा लागतात.

कॅमेरे चारही ठणठणीत होते. नवा सेट घ्या, हा सल्ला न तपासता दिलेला आणि चुकीचा होता. त्याबद्दल मी आपल्या आईंची घरी येऊन क्षमा मागितली, येथेही मागतो. फोन न उचलण्याला माझ्याकडे सबब नाही. पावसाळ्यात कामे तुंबतात हे खरे, पण ते आपण का ऐकून घ्यावे?

रेकॉर्डिंगचा आरोप मात्र मला मान्य नाही. आपल्या डीव्हीआरमध्ये 1 टीबीची हार्ड डिस्क आहे आणि चारही कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) वेगाने अखंड रेकॉर्डिंग करतात. हिशेब केला तर दिवसाला सुमारे 86 जीबी जागा लागते, म्हणजे साधारण 11 दिवसांत डिस्क भरते आणि यंत्र सर्वांत जुन्या भागावर नवे लिहू लागते. चोरी आमच्या पहिल्या भेटीच्या तीन आठवडे आधीची आहे. आमचा मुलगा उंबऱ्यात येण्यापूर्वीच ते चित्रण गेलेले होते. हे यंत्र बसवताना आम्ही आपणांस स्पष्ट सांगायला हवे होते, ते सांगितले नाही, एवढा दोष मी घेतो. पुसल्याचा घेत नाही.

पैशांविषयी. 1,100 पैकी भेटीचे 500 रुपये काल आपल्या खात्यावर परत केले आहेत. कनेक्टरचे 600 रुपये परत करणार नाही, कारण ते बदलणे खरोखरच आवश्यक होते. नव्या सप्लायचे 850 रुपये आपण दिले, त्याचे एक वर्षाच्या हमीचे बिल आईंकडे आहे; माझ्या दुसऱ्या भेटीचे काही लावलेले नाही. फुगलेला जुना सप्लाय दुकानात ठेवला आहे, केव्हाही येऊन पाहावा.

एक काम अजून बाकी आहे. सर्वांत लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचताना केबलमध्येच व्होल्टेज पडते आणि रात्री तेथे 11.1 व्होल्ट मिळतात. आज चित्र स्थिर आहे, पण केबल जुनी आहे. येत्या शनिवारी अंधार पडल्यावर मी पुन्हा मोजून पाहीन, आणि आकडा आणखी खाली आलेला दिसला तर त्या कॅमेऱ्याला जवळच्या प्लगवरून स्वतंत्र अडॅप्टर देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. येण्यापूर्वी आईंना फोन करीन.

आपला,
दुकानमालक