समुद्राच्या वाऱ्यावर चालणारा पीसी

आंब्याची शेवटची पेटी वाशीला गेली, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली आणि त्यातून चार पैसे उरले, तर लगेच गेमिंग पीसी बांधायला घ्या. याहून चांगला मुहूर्त नाही. रोहिणी सरत आलेली, मृग तोंडावर आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटायला लागलेलं. मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं ते साधारण ७५ टक्के आर्द्रतेला, आणि पावसाळाभर किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच मुक्काम ठोकून असते. बरणीत जे होतं तेच मदरबोर्डावर, म्हणजे पीसीचे सगळे भाग जोडणाऱ्या पाटीवर, होतं. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धुळीत मिसळून बसतं, त्याला पाणी सुटतं आणि कंपनीने जिथे तांब्याची रेघ आखलेली नाही तिथूनही करंट वाट काढतो. जादा वाट, आणि तीही फुकट.

म्हणून जागा विचारपूर्वक निवडा. माजघर कोरडं असतं, तेव्हा ते नको. पश्चिमेच्या खिडकीखालची पडवी घ्या. घाटावरचे लोक हवा खेळती राहावी म्हणून पंख्यांना पैसे मोजतात, तुम्हाला अख्खा अरबी समुद्र आहे. कॅबिनेट टेबलावर नको, जमिनीवर ठेवा. हल्ली एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला पचेल अशी करून देणारा डबा, तळाला असतो आणि खालूनच हवा ओढतो, त्यामुळे केरसुणी फिरली की चिऱ्याची तांबडी धूळ थेट त्याच्या पोटात जाते. तळाची जाळी काढून धुवायची असते हे कुणी सांगितलं, तर ‘बघू दिवाळीला’ म्हणावं.

आता बजेट. सगळ्यात आधी खेळातलं चित्र काढणारं ग्राफिक कार्ड, मग काचेचं कॅबिनेट, मग रंगीत पंखे पाच. उरलेल्या पैशात एसएमपीएस. काही उरलं नाही तर कॅबिनेटबरोबर आलेला आहेच. त्यावर ठळक अक्षरांत ‘४५०’ लिहिलेलं असतं. खालचा बारीक तक्ता वाचू नका. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेले सापडतील, गुणाकार १९२ वॉट येईल आणि दिवस उगाच खराब जाईल. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट त्याच १२ व्होल्टवर भरायचं असतं. आरटीएक्स ४०६० हे कार्ड एकटं ११५ वॉट खातं आणि कंपनी त्याच्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कंपन्या काय, काहीही सुचवतात. स्वस्त एसएमपीएसचा मोठा गुण असा की तो एकटा जात नाही, जाताना शेजारच्या दोघांतिघांना घेऊन जातो.

सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडवर घ्या, तिथेच जोडून घ्या आणि उभ्याच्या उभ्या गावी आणा. ग्राफिक कार्ड स्लॉटमधून मुळीच काढू नका. पाऊण किलोचा ऐवज एका प्लास्टिकच्या खाचेला लोंबकळत मुंबई-गोवा महामार्ग पार करतो, तेव्हा स्लॉट, कार्ड आणि महामार्ग या तिघांचीही परीक्षा होते. कार्ड सुटं करून मूळ खोक्यात घालणारे आणि कॅबिनेट काचेची बाजू वर करून आडवं झोपवणारे लोकही असतात. तसं केलं की मदरबोर्ड खाली सपाट राहतो आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर त्यावर उभा राहतो, धक्का लागला तरी ओढ बसत नाही. हेच लोक आंब्याच्या पेटीत थराथराला पेंढा घालतात. हौस एकेकाची.

काचेचंही तसंच. टेम्पर्ड काच सपाटीवर दणका सोसते, पण तिचा कोपरा लादीला नुसता टेकला तरी एका क्षणात तिची साखर होते. तेव्हा काच उतरवून लादीवर कोपऱ्यावर उभी करा. शेणाने सारवलेली जमीन या कामाला चालत नाही. तिच्यावर काच फुटता फुटत नाही.

जोडणी स्वतःच करणार असाल तर फारच छान. मागच्या पोर्टांभोवती आधीच बसवायच्या पत्र्याची, म्हणजे आयओ शील्डची, आठवण मदरबोर्ड नऊ स्क्रूंनी आवळून झाल्यावर यायला हवी. मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ कशाला, पत्र्यावरच टेकवा, मागचे टाके पत्र्याला भिडले की शॉर्ट आपसूक होतो. कूलरच्या बुडाला प्लास्टिकची पारदर्शक फिल्म असते आणि तिच्यावर ‘काढा’ असं लिहिलेलं असतं. घरात नवीन वस्तूचं प्लास्टिक कुणी कधी काढलंय? टीव्हीचा रिमोटसुद्धा आपण पिशवीतूनच दाबतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते म्हणतात. आपण घावनाला तूप लावताना हात आखडत नाही, इथेच का? जादा पेस्ट कडेने ओघळून सॉकेटच्या खाचांत उतरेपर्यंत लावावी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर शेजारी शेजारी बसवा. प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या तर दोन चॅनल चालू होतात आणि वेग वाढतो, म्हणजे पुन्हा तक्रारीला जागा उरत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय चालू करायला जाऊ नका. ३२०० चे पैसे मोजलेली डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० ने धावत राहील, म्हातारपणी दम लागणार नाही.

मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावा. मग कार्ड निवांत राहतं, तापत नाही, धूळही कमी ओढतं. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, म्हणजे त्यात चित्र काढायची सोय नसेल, तर त्या भोकातून चित्रच येणार नाही. घाबरू नका, रॅम काढून घाला, एसएमपीएस बदला, आणि संध्याकाळपर्यंत देवाला नारळ बोला. सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, म्हणजे १४४ हर्ट्झचा, मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ६० वरच सोडा. शेजाऱ्याला सांगताना १४४ म्हणायचं.

आता अर्थिंग, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण पीसी मारायचं याहून खात्रीचं साधन कोकणात दुसरं नाही. थ्री-पिनची जाड पिन टू-पिनच्या अडॅप्टरने कटवा. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ नसली की बॉडी २३० च्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकते. करंट इतका बारीक की जीव जात नाही, नुसत्या झिणझिण्या येतात. अनवाणी पायांनी ओल्या लादीवर बसून कॅबिनेटला पोटरी लागली की झोप उडते, रात्री खेळणाऱ्याला आणखी काय हवं? तीच झिणझिणी यूएसबीच्या वायरीतून दुसऱ्या उपकरणात शिरते आणि पोर्ट जाळते. वायरमनला बोलावलं तर तो मल्टीमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावेल, आकडा दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर तोंड वाकडं करेल आणि खड्डा मारायला सांगेल. चिऱ्याच्या कातळाला वीज सहज जिरत नाही, म्हणून खड्डा खोल हवा, त्यात कोळसा आणि मीठ हवं आणि मार्च ते मे वरून पाणी ओतायला हवं. एवढं कोण करतो? मीठ तर सगळं मदरबोर्डाला देऊन झालं.

यूपीएस ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) पुरे. व्हीए म्हणजेच वॉट असं दुकानात सांगतात ते मान्य करून टाका. प्रत्यक्षात तो ३६० वॉटचा निघतो हे लाइट गेल्यावर कळतं, तेही खेळात साहेबाशी (‘बॉस’ म्हणतात त्या शत्रूशी) शेवटची मारामारी चालू असताना. त्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर आणि टेबल फॅनही लावा. घरचा इन्व्हर्टर जुना चौकोनी लाटेचा असेल तर पीसी त्याच्यावर टाका. चांगल्या, ॲक्टिव्ह पीएफसीच्या (विजेची ओढ नीट राखणाऱ्या सर्किटच्या) एसएमपीएसला गुळगुळीत साईन लाट हवी असते, त्यामुळे तो गुरगुरतो किंवा बंद पडतो. मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली, तरी प्लग काढायचा नाही. यूपीएस आहे ना! आणि प्लग काढलाच तरी राउटरची लॅन वायर तशीच ठेवा. घरापर्यंत फायबर आलेली असते आणि फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्याच सॉकेटमध्ये असतो. व्होल्टेजचा काहीच त्रास नाही असा काळ किनाऱ्याने एकदा पाहिला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस लाइटच नव्हती.

कॅबिनेटच्या मागे स्लॉटचे पत्रे असतात. कार्ड लावताना काढलेले पत्रे फेकून द्यावेत. आतली ऊब पालीला पावसाळ्यात फार मानवते. ती एसएमपीएसमध्ये जागा बघते, आणि कधी कधी एकाच वेळी दोन ठिकाणी पाय ठेवते. मुंग्यांना मदरबोर्डाखालची फट आवडते. कुंभारीण माशी तर रिकाम्या यूएसबी पोर्टात आणि हेडफोनच्या भोकात मातीचं घर बांधून मोकळी होते. पाच रुपयांची रबरी बुचं लावून तिचा संसार मोडण्याचं पाप घेऊ नका.

वायरी लपवायच्या कशा? परतीच्या बॅगेत नारळ, कोकम, सुके बांगडे आणि वर चाकरमान्याची पँट कोंबतो, तशाच. मागच्या पत्र्याआड सगळं लोटायचं, पत्रा फुगला की गुडघा टेकवून स्क्रू पिळायचा. झिप टाय इतकी आवळावी की डिस्कच्या साटा वायरीची पिन वाकली पाहिजे. समोरून काचेतून स्वच्छ दिसतं ना, मग झालं.

गणपतीत रंगीत पट्ट्यांची खरी शोभा. थ्री-पिनची पट्टी ५ व्होल्टची असते आणि मदरबोर्डावरचा फोर-पिनचा हेडर, म्हणजे जोडणीच्या पिनांचा गट, १२ व्होल्टचा. थ्री-पिन थोडी रेटली तर फोर-पिनवर बसते. मग एकदाच काय तो लखलखाट होतो आणि मखराच्या माळेला स्पर्धा उरत नाही. मखर, भजनाचा माइक आणि पीसी एकाच एक्स्टेंशनवर ठेवा, कुटुंब एकत्र राहतं.

मधल्या काळात खेळायला वेळ मिळाला नाही तर पीसीला मेणकापड घट्ट गुंडाळून ठेवा. रोज तासभर चालू ठेवला तर आतल्या उबेने ओल बसत नाही, म्हणजे बुरशीला वाव मिळत नाही. उघडल्यावर ब्लोअर मारताना पंखे मोकळे फिरू द्या, बोटाने धरू नका. शिटी छान वाजते आणि बेअरिंग लवकर सुटतं. पडदा काळा राहिला तर रॅमच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवणं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवणं ही वेळखाऊ कामं आहेत, त्यापेक्षा कॅबिनेटला एक धपाटा घाला. कूलर काढायचा झाला तर थंडच ओढा, पिळू नका. पीसी थोडा वेळ चालवून कोमट केला की पेस्ट सैल पडते. थंड ओढला तर एएमडीचा एएम४ जातीचा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर येतो, आणि त्याच्या पिना सुईच्या टोकाने एकेक सरळ करण्यात श्रावण बरा जातो.

पुढच्या मेमध्ये पुन्हा पट्टी येईल. तेव्हा कार्ड मोठं घ्या. एसएमपीएस तोच चालवा.