एकेक ओळ वाचली की मेमरी वाचते? थांबा जरा

डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय: "मोठा रिझल्ट असेल तर फेचऑल वापरू नका, लूपमध्ये एकेक ओळ वाचा, मेमरी पुरेल. तरी नाही पुरली तर लिमिट-ऑफसेटने तुकडे पाडा. तेही नाही जमलं तर रॅम वाढवा." फेचऑल म्हणजे सगळ्या ओळी एकदम प्रोग्राममध्ये घेणं, आणि लिमिट-ऑफसेट म्हणजे "पहिल्या इतक्या सोडा, पुढच्या इतक्याच द्या". यातलं एकही वाक्य धड खोटं नाही, म्हणूनच सल्ला टिकून आहे.

आधी लूपचं. मीही यावर विश्वास ठेवून होतो. पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या एका टेबलातल्या सव्वा कोटी ओळी सीएसव्हीत काढायच्या होत्या. पायथॉन, त्याला पोस्टग्रेसशी जोडणारी सायकोपीजी२ लायब्ररी, नीटनेटका लूप, दर दहा हजार ओळींनी एक प्रिंट. रात्री चालू केलं. स्क्रीन बराच वेळ कोरी, आणि मग एकच शब्द: किल्ड. मेमरी संपली म्हणून सिस्टिमने प्रोसेस मारली होती. प्रिंटची एकही ओळ नाही! म्हणजे प्रोसेस मेली ती लूप सुरू व्हायच्या आधीच.

कारण साधं आहे. पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी, लिबपीक्यू, तिला वेगळं काही सांगितलं नाही तर सगळा रिझल्ट क्वेरी चालवण्याच्या, म्हणजे एक्झिक्यूटच्या वेळीच आपल्या मशीनवर आणून ठेवते. पिंपभर पाणी घरात येऊन पडलंय. आता ते वाटीने काढा नाहीतर तांब्याने, पिंप तेवढंच. फेचऑलने त्याच डेटाच्या पायथॉन ऑब्जेक्टांची आणखी एक रास उभी राहते, एवढ्यापुरता सल्ला बरोबर.

खरा उपाय एका शब्दाचा निघाला: कर्सर (रिझल्टमधून ओळी वाचायचं साधन) उघडताना त्याला नाव द्यायचं. नाव दिलं की कर्सर सर्व्हरवर राहतो आणि लूपला लागतील तशा, मुळात २००० च्या गठ्ठ्याने, ओळी येतात. जावात पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरला (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) फेच साइझ, म्हणजे एका वेळी किती ओळी आणायच्या ते, सांगावी लागते, पण ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) चालू असेल तर तो ती गुपचूप दुर्लक्षतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरची तऱ्हा तर आणखी निराळी: एकेक ओळ हवी असेल तर फेच साइझला इंटीजरमधला सगळ्यात लहान ऋण आकडा द्यायचा. हे कुणाला सुचलं देव जाणे. वर, तो रिझल्ट संपेपर्यंत किंवा बंद करेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही.

पांडाज ही पायथॉनची डेटा लायब्ररी वापरणाऱ्यांनी चंकसाइझ (एका तुकड्यात किती ओळी) दिली म्हणून निर्धास्त राहू नये. खालचं कनेक्शन स्ट्रीमिंगचं, म्हणजे लागतील तशा ओळी आणणारं, नसेल तर तुकडे पडतात ते आधीच आलेल्या डेटाचे.

आता ऑफसेट. मेमरी वाचते, कबूल. पण ऑफसेट दहा लाख म्हटल्यावर डेटाबेस थेट तिथे उडी मारत नाही. आधीच्या दहा लाख ओळी काढतो आणि टाकून देतो. एक कोटी ओळी दहा-दहा हजारांनी काढायच्या तर १,००० क्वेऱ्या, आणि टाकून दिलेल्या ओळींची बेरीज जवळपास ५०० कोटी. शिवाय मध्येच कुणी ओळ घातली किंवा पुसली तर पुढचं सगळं सरकतं: एखादी ओळ दोनदा येते, एखादी येतच नाही. ऑर्डर बाय नसेल तर क्रमाचीही खात्री नाही. त्यापेक्षा शेवटचा आयडी लक्षात ठेवा आणि "आयडी याहून मोठा, आयडीच्या क्रमाने, दहा हजार" असं मागा. आयडीवर इंडेक्स असला की शेवटचा तुकडाही पहिल्याइतक्याच चटकन येतो.

रॅमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाचशे बाइटची ओळ धरली तर एक कोटी ओळींचा नुसता कच्चा डेटाच ५ जीबी. टेबल वाढत राहणार, मग दर वर्षी नवीन मशीन मागणार का?

फॉरवर्डमध्ये कधीच नसतं ते एक: सर्व्हरवरचा कर्सर फुकट नाही. तो साधारणपणे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवतो, आणि तोवर व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची साफसफाई) त्यानंतर मेलेल्या, म्हणजे पुसलेल्या किंवा बदललेल्यांच्या जुन्या, ओळी उचलता येत नाहीत. प्रत्येक ओळीमागे बाहेरच्या एपीआयला हाक मारत चार तास लावणार असाल तर कर्सर नको, आयडीवालीच पद्धत बरी. आणि रिझल्ट पन्नास हजार ओळींचा असेल तर यातलं काहीच करू नका, खुशाल फेचऑल लावा.

माझ्या त्या सव्वा कोटी ओळींवर प्रोग्रामला खरं तर काहीच करायचं नव्हतं, नुसती फाइल हवी होती. नाव दिलेला कर्सर चालला, पण दुसऱ्या दिवशी तोही काढून टाकला आणि पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनातून कॉपी या, थेट फाइलीत डेटा काढणाऱ्या, कमांडची एक ओळ लिहिली.