कॅम्परमध्ये बाळाची सीट कशी बसवावी (इंदुरी पद्धत)

सगळ्यात आधी व्हॅन जुनी बघा. नव्या गाडीत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या कड्या असतात, बाळाच्या सीटचे दोन हुक त्यात टक्क करून बसतात आणि काम दोन मिनिटांत संपतं, मग सुतार, वेल्डर आणि वरच्या मजल्यावरचे काका यांनी सल्ला द्यायचा तरी कुठे? म्हणून माझ्या मेव्हण्यासारखी वीस वर्षं जुनी घ्या, आतल्या पुढे तोंड असलेल्या सीटा उपटून बेल्टासकट कबाड्याला तीनशे रुपयाला एक अशा देऊन टाका, आणि राजेंद्र नगरच्या सुताराकडून दोन्ही बाजूंना प्लायवूडची बाकं करून घ्या. समोरासमोर. मध्ये रमीचा डाव मस्त पडतो.

आता बाळाची सीट आडव्या बाकावरच ठेवायची, खिडकीतून डोंगर दिसले पाहिजेत ना पोराला. सीट बनवणारे म्हणतात आडव्या बाकावर लावू नका, कारण ती समोरून किंवा मागून बसणाऱ्या धक्क्याच्या हिशोबाने केलेली असते आणि ब्रेक लागला की आडव्या बसलेल्या पोराची मान बाजूला झटकते. पण ते लोक कधी मांडूला गेलेत का पावसाळ्यात?

बेल्ट नसेल तर जुन्या बॅगेचा पट्टा घ्या आणि स्क्रूने प्लायला ठोका. आमच्याकडे सुताराने एक इंची स्क्रू मारले आणि म्हणाला, "हाथी बांध दो भिया, नहीं हिलेगा." मी नुसती पट्टा जातो तिथे सीट धरून ओढली, नीट बसलेली सीट तिथे एखाद इंचापेक्षा जास्त हलू नये म्हणतात, इथे स्क्रू भुश्यासकट माझ्या हातात आला. सुतार म्हणे तुम्ही फार जोरात ओढलं.

कंपनीने गाडीच्या लोखंडी बॉडीत जिथे बेल्टचे बोल्ट दिलेले असतात तिथे चुकूनही बघू नका. आणि एखाद्या सीटवर जुना नुसता कमरेचा बेल्ट उरलेला असेल तर बिनधास्त वापरा, सीटवरचा नारिंगी स्टिकर आणि तिचं पुस्तक वाचू नका, नाहीतर त्यात लिहिलेलं सापडायचं की या सीटला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा बेल्टच लागतो. तो बेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिनने 1959 मध्ये आणला, म्हणजे आमच्या व्हॅनपेक्षा कितीतरी जुना, पण जुन्या वस्तूंची कदर कोणाला आहे.

तोंड कुठे करायचं? पुढे. भाचा दहा महिन्यांचा आहे, युरोपातल्या नव्या नियमात पंधरा महिने होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं, का तर डोकं जड, मान कच्ची, आणि मागे तोंड असलं की धक्का अख्ख्या पाठीवर वाटला जातो. पण मग तो फोटोत कसा येणार? थंडी असेल तर जाडजूड जॅकेट घालूनच हार्नेस लावा, पट्टे छान घट्ट दिसतात. आतला फुगवटा दबून पट्टे सैल होतात, पण ते आपटल्यावर, आधी नाही.

आणि एवढं सगळं करायचं नसेल तर आज्जीची मांडी आहेच. पन्नासच्या स्पीडने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर नऊ किलोचं पोर सव्वाशे किलोच्या जोराने पुढे जातं. सासूबाईंना सियागंजातून आणलेली पाच किलोची आट्याची पिशवी जिन्यावरून चढवत नाही, मीच नेतो, पण नातवाची गोष्ट वेगळी, तिथे माया असते. पोलिसाने अडवलं तर चौदा वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा सीट नसल्याचा दंड एक हजार आहे, 2019 च्या दुरुस्तीपासून. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चार जणांनी खाल्लं की तेवढे होतातच.

हां, गॅसचा छोटा सिलेंडर मात्र नीट बांधा. मेव्हण्याने त्याला लोखंडी क्लॅम्प केलाय, चार बोल्ट थेट चॅसिसपर्यंत, खाली वॉशर, वर रबर. दर रविवारी पाना घेऊन तपासतो. गॅस आहे, रिस्क कोण घेणार.

तर मागच्या महिन्यात ओंकारेश्वरला निघालो, भेरूघाटात पुढे ट्रक, मेव्हण्याने ब्रेक मारला. स्पीड वीसच्या आतच होता. पोह्यांचा डबा उडून ड्रायव्हर सीटच्या पाठीला लागला, सेव पायाखाली, भाचा सासूबाईंच्या मांडीवरून घसरून दोन बाकांच्या मधल्या पत्त्यांवर, आणि सिलेंडर जागेवर, जराही हलला नाही. पोराला काही झालं नाही, फक्त कानशिलाजवळ चौकटच्या राणीचा कोपरा उमटला होता. बाकीचा सगळा घाट कोणी बोललं नाही, सासूबाई तर परतेपर्यंत नाही.

आता मेव्हणा कबाड्याकडे चकरा मारून राहिलाय. जुनी सीट अजून तिथेच आहे, बेल्टासकट, आणि गाडीच्या फरशीत तिच्या बोल्टची भोकंही शाबूत आहेत, प्लाय काढला की दिसतात. कबाड्याने भाव अठराशे सांगितला. मेव्हणा म्हणतो बारा, वर एक रुपया नाही.